कागदापुरती विधवा

१३ जुलै २००३, बोळिंज

कंपनीने मला घरी बसवलं त्याला दीड वर्ष झालं. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. आज नवीन डायरी काढली, कारण आजपासून मी, आत्माराम पडवळ, धंद्यात पडलो.

धंदा असा की सोसायटीत सांगितला तर कुणाला कळायचा नाही. पैसे नसलेल्या संस्थांसाठी पैसे असलेल्या संस्थांना अर्ज लिहायचे. प्रोजेक्ट प्रपोजल. ऑफिसात आयुष्यभर साहेबांच्या सहीची पत्रं मीच लिहिली. साहेबांना बढत्या मिळाल्या, मला शाबासकी. आता निदान आपल्या लेखणीचं आपण खाऊ.

युजीनला भेटून आलो. जुन्या ऑफिसातला. एव्हरशाईन सिटीत राहतो आणि तीन वर्षं हेच करतोय. म्हणाला, "पडवळ, मजुरी आधी ठरवून घे. अर्धी काम सुरू करताना, अर्धी अर्ज हातात देताना. मंजूर होवो न होवो. वाटा मागू नकोस, दिला तरी घेऊ नकोस."

"का?"

"देणाऱ्यांना चालत नाही. आणि आपल्यालाही झेपत नाही."

झेपत नाही म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. युजीनची बायको बँकेत आहे. त्याला तत्त्वं परवडतात.

१९ जुलै

पहिलं गिऱ्हाईक. अर्नाळ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर मासळी विकणाऱ्या बायकांचं मंडळ आहे. अध्यक्ष मार्थाबाई. त्यांना बर्फघर बांधायचंय. आज बर्फ नसल्यामुळे संध्याकाळ झाली की व्यापारी सांगेल त्या भावाला माल द्यावा लागतो. मागणी सरळ आहे, बाईही सरळ आहे. फक्त पैशाची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाली, "सर, गवंड्याला देतो तसा तुमाला रोज देऊ. जेवढे दिस काम, तेवढा रोज."

गवंडी! मला राग आला, पण हसून साजरं केलं. म्हटलं, "मार्थाबाई, मंडळाची पुंजी मोडू नका. अनुदान आलं तर दहा टक्के द्या. नाही आलं तर माझं नशीब." हे बोलताना मला स्वतःबद्दल बरं वाटलं. त्यांनाही आधी पैसे जाणार नाहीत म्हणून बरं वाटलं.

तिचा नवरा सेबेस्टियन ओट्यावर जाळं विणत बसला होता. पूर्वी तांडेल होता, बोट चालवायचा. तो फिसकन हसला. "सायेब, दर्यावर दोन तरेची मानसा. पगाराची आनि वाट्याची. पगारवाला आभाल बघून माघारी येते. वाट्यावाला आभाल बघतच नाय."

दुपारीच त्याच्या तोंडाला वास येत होता, म्हणून मनावर घेतलं नाही.

घरी मनोरमाला हिशेब सांगितला. सहा लाखांचं अनुदान, साठ हजार आपले. लेकीच्या, अनुष्काच्या फार्मसीची पहिली फी सुटली. मनोरमा म्हणाली, "बाजारात तुरी नि भट भटणीला मारी." ही बाई शिकवणीच्या पोरांना म्हणी शिकवते आणि सराव माझ्यावर करते.

६ ऑगस्ट

देणारे सापडले. परदेशी ट्रस्ट, कचेरी मुंबईत. बर्फघराला पैसे देतात, पण एक अट आहे. समुद्रात मेलेल्या मच्छीमारांच्या किमान पंचवीस विधवा मंडळात हव्यात. पंचवीस नसतील तर अर्ज उघडूनही बघत नाहीत.

मार्थाबाईंनी मोजून चोवीस सांगितल्या.

म्हणजे आजचा सगळा दिवस मी एका विधवेच्या शोधात होतो. लिहिताना विचित्र वाटतंय, पण खरं ते खरं. एकीचा नवरा दारूने गेलेला, एकीचा क्षयाने. समुद्राने मेलेला नवरा मिळेना. शेवटी मार्थाबाई कुरकुरत म्हणाली, "भानू हाय एक. पन तिचा नवरा तसा गेला नाय."

"मग?"

"येयाचा ऱ्हायलाय."

हरेश्वर त्याचं नाव. गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. दीड वर्षापूर्वी बोट गेली ती गेली. मालक म्हणाला, वादळात बुडाली. बोट नाही, माणसं नाहीत, प्रेत नाही. आता याला गेला नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

१२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. पाड्यावर नाचगाणं, आणि मी त्यातून वाट काढत भानूच्या दारात. तिशीच्या आतली असेल. एक मुलगी, सासू आणि दीर, एकाच घरात. मला पाहून म्हणाली, "बस, भाऊ." एकदम एकेरी. इथे सगळ्यांनाच असं बोलतात, असं मार्थाबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बसलो.

तिचा एक हात बांगड्यांनी भरलेला, दुसरा मोकळा. मनात म्हटलं, अर्धं काम झालेलंच आहे. मार्थाबाईंनी माझी नजर ओळखली असावी. म्हणाली, हिंदू कोळ्यांत लगीन लागताना नवरीच्या एका हाताच्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. तो हात मग मोकळाच ठेवतात.

मी हळूच विषय काढला. भानू रडली नाही, चिडली. "शेट बोलला वादल आला. त्याच राती पाड्याच्या दोन बोटी तिकडंच होत्या. त्या कशा आल्या? पकडली असल बोट. पलीकडं पाकिस्तानात नेली असल. नेतात, भाऊ. डहानूचे नेलेत."

आशा माणसाला वकील बनवते. मी वाद घातला नाही. बर्फघराचं सांगितलं, तिला तिथे कायमचं काम मिळेल हे सांगितलं. सासू आतून ऐकत होती. दीर दारात उभा राहून ऐकत होता. "बघू," भानू म्हणाली.

चोवीस बायकांचं भलं एका बाईच्या हट्टावर अडलंय. आणि अनुष्काची फी.

२१ ऑगस्ट

आज जे लिहिलं ते मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं आहे. अर्ज इंग्रजीत, पण भानूची कहाणी आधी मराठीत लिहून काढली. वाऱ्याने फाटलेलं शीड, पोटात शिरणारं पाणी, फळकुटाला धरलेला हरेश्वर, एकेक करून सुटत गेलेली बोटं. शेवटी त्याने लेकीचं नाव घेतलं. मी बोटीत नव्हतो, पण लिहिताना मला खारं पाणी नाकात गेल्यासारखं झालं.

मनोरमाला वाचून दाखवलं. तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "पण तो बुडताना पाहिलं कुणी?"

"चहा टाक," म्हटलं.

२९ ऑगस्ट

ट्रस्टला प्रत्येक विधवेचं प्रतिज्ञापत्र लागतं. चोवीसजणींच्या सह्या-अंगठे झाले. भानू येईना. मार्थाबाई काल तासभर तिच्याकडे बसली होती. आज दोघी वसईला आल्या. नोटरीच्या बाहेर भानूने मला बाजूला घेतलं.

"भाऊ, यात काय लिवलंय?"

सांगितलं. फेब्रुवारी २००२ मध्ये बोट बुडून पती मयत.

"मी सही केली मंजे तो मेला?"

"नाही गं. हे कागदापुरतं. कागद मुंबईला जाणार, फायलीत पडणार. गावात कोण वाचतंय?"

"कागदापुरता."

"कागदापुरतं," मी म्हटलं.

तिने सही केली. अक्षर चांगलं आहे, सातवी शिकलीय. सही झाल्यावर नाव नीट आलंय का ते बोटाने तपासून पाहिलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गवंड्याचा रोज घेतला असता तर आज मी इथे आलोही नसतो, हेही खरं. अंगावर घेतल्याशिवाय काम होत नाही. मार्थाबाईंनी प्रत्येकीला तिच्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स दिली. व्यवस्थित बाई आहे.

९ ऑक्टोबर

ट्रस्टच्या मॅडम पाहणीला येऊन गेल्या.

काल पाड्यावर जाऊन सगळ्यांना समजावलं होतं. काय विचारतील, काय सांगायचं. भानूला म्हटलं, उद्याच्या दिवस तो हातही मोकळा ठेव, आणि कपाळ. एका दिवसाचा प्रश्न आहे. ती उभी राहिली. "एका हाताच्या दर्याला दिल्या. या हाताच्या मी कोनाला देनार नाय." मार्थाबाई मध्ये पडली म्हणून निभावलं. शेवटी असं ठरलं की कुंकू लावायचं नाही आणि हात पदरात ठेवायचा.

मॅडम मायाळू निघाल्या. इंग्रजी अर्जातली नावं त्यांना पाठ होती. भानूसमोर बसून तुटक्या मराठीत म्हणाल्या, "तुझी गोष्ट वाचली. मी रडले." भानू माझ्याकडे बघत राहिली. मॅडमनी विचारलं, मुलीला बाबा आठवतात का? भानू काहीच बोलली नाही. पदराच्या आत तिचा हात हलला आणि बांगड्या वाजल्या. मी खोकलो. मॅडमनी तिला जवळ घेतलं.

सगळं छान झालं. खरं तर तिच्या गप्प बसण्यानेच काम झालं. मी शंभर वाक्यं पढवली असती तरी इतकं जमलं नसतं.

१८ डिसेंबर

मंजूर! पूर्ण सहा लाख. घोडं गंगेत न्हालं.

एक अडचण होती. ट्रस्टचा नियम आहे की अर्ज लिहिणाऱ्याला अनुदानातून पैसे द्यायचे नाहीत. युजीन हेच म्हणत होता. पण मार्ग असतोच. माझे साठ हजार 'प्रशिक्षकाचे मानधन' म्हणून दाखवायचे. मी बायकांना एक दिवस हिशेब ठेवायला शिकवीन, म्हणजे खोटंही ठरणार नाही.

युजीनला फोन केला. अभिनंदन केलं त्याने, पण लगेच विचारलं, "किती घेतलेस आणि कसे?" सांगितलं. तो म्हणाला, "जपून." कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

१ फेब्रुवारी २००४

बर्फघराचं उद्घाटन. मंडप, फादरांची प्रार्थना, मग नारळ. मार्थाबाईंनी मला व्यासपीठावर बसवलं. ऑफिसात कधी कुणी बसवलं नव्हतं. दोन शब्द बोला म्हणाले. मी आठवणीने कागद नेला होता. भानूची कहाणी वाचली. तीच, मराठीतली.

बायका हमसून रडल्या. फळकुटावरून बोटं सुटतात तिथे पुढच्या रांगेतून किंकाळी आली. भानूची सासू होती. दिराने तिला उचलून नेलं. टाळ्या वाजल्या नाहीत, पण लेखकाला याहून मोठी दाद कुठली? भानू मात्र दिसली नाही. बर्फघरात पहिल्या लाद्या लावत होती म्हणे.

१४ फेब्रुवारी

मार्थाबाईंचा फोन आला. भानूच्या सासरच्यांनी हरेश्वरचे दिवस घातले. दर्यावर नेऊन तिच्या बांगड्या फोडल्या. तिने हात सोडवून घेतला, तेव्हा चौघींनी धरली. सासू म्हणाली, तू स्वतः सही करून दिलीस, साहेबाने सगळ्या गावापुढे वाचलं, आता माझ्या लेकाच्या आत्म्याला तिष्ठत ठेवतेस?

हे व्हायला नको होतं. पण शांतपणे विचार केला की वाटतं, आज ना उद्या झालंच असतं. निदान आता बाई मोकळी झाली. मार्थाबाईंना मी हेच म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. लाइन कट झाली असावी.

२० मार्च

हिशेबाचं प्रशिक्षण दिलं. चेक मिळाला. भानू प्रशिक्षणाला होती, मागे बसून. दोन्ही हात मोकळे. दिराने त्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स लावून घराच्या उताऱ्यावरून हरेश्वरचं नाव काढून घेतलंय आणि तिला पडवीत राहायला सांगितलंय. मार्थाबाई म्हणाली, "सर, त्याला सांगा काय तरी." घरगुती भांडणात आपण कसं पडायचं? अनुष्काची फी भरली.

७ जून

आज दार उघडलं तर भानू. बोळिंजला, आमच्या दारात, लेकीला घेऊन. धापा टाकत होती. मला वाटलं दिराने मारलं. ती हसत होती.

"भाऊ, तो हाय!"

पाकिस्तानातल्या तुरुंगातून सुटून डहाणूचा एक खलाशी घरी आलाय. त्याने निरोप धाडला. हरेश्वर त्याच्याच बराकीत होता. पायाला जखम आहे, खोकतो, पण आहे. बोट बुडाली नव्हती, पकडली होती. पाड्याचं नाव, लेकीचं नाव, सगळं बरोबर सांगितलं.

मी खुर्चीत बसलो. मनोरमा तिला मिठी मारून रडायला लागली. मला आनंद झाला, अगदी खरा झाला. आणि त्याच्याच पोटात भीती. माझ्या कहाणीत त्याची बोटं एकेक करून सुटली होती.

"पन मंग डहानूवाला सुटला, ह्याला का नाय सोडला?" भानूने विचारलं. "बराकीतले सगले सोडले, भाऊ. हा एकटाच ऱ्हायला."

१० जून

कलेक्टर कचेरीत गेलो, भानूला घेऊन. कारकून भला माणूस होता, त्याने फाईल काढून दाखवली. सोडण्याआधी प्रत्येक कैद्याची गावात चौकशी होते, हा आपलाच माणूस का. हरेश्वरचीही झाली होती, एप्रिलमध्ये. हवालदार पाड्यावर गेला. भानू तेव्हा बर्फघरात असणार. दिराला विचारलं, हरेश्वर नावाचा इसम इथला का? दीर म्हणाला, होता, मेला. आणि कागद दाखवला. पत्नीचं प्रतिज्ञापत्र, नोटरीच्या शिक्क्यासह. हवालदाराने प्रत जोडून वर कळवलं: सदर इसम मयत आहे, त्याच्या नावाने कैदेत असलेली व्यक्ती दुसरी कोणी असावी.

त्यामुळे हरेश्वर आता कुणाचाच नाही.

मी म्हटलं, "अहो, ते प्रतिज्ञापत्र कागदापुरतं होतं."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, आमच्याकडे कागदच असतो."

पुढची यादी कधी? त्याला माहीत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर अर्ज करा. प्रतिज्ञापत्र खोटं होतं हे स्पष्ट लिहा, का केलं, कुणी करवलं, ते लिहा. तरच वर कुणी विचार करेल.

भानूला घेऊन बाहेर आलो. फाटकाशी थांबून तिने विचारलं, "तो तिकडं काय समजत असल? मी त्याला वलख दिली नाय, असाच ना?"

१३ जून

मार्थाबाई घरी येऊन गेली. सेबेस्टियनही आला होता, दारातच उभा राहिला. मार्थाबाई रडत होती. "सर, खोटा होता असा लिवला तर ट्रस्ट पैसे मागल. बर्फघराला टाळा लागल. चोवीस बायकांनी काय करायचा? आनि भानूवरच केस होयाची. असा काय तरी लिवा की दोनी होईल."

केस माझ्यावरही होईल, हे ती बोलली नाही. मानधनाचंही बोलली नाही. मी हो म्हटलं.

युजीनला फोन करायला घेतला होता, ठेवून दिला. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि ते ऐकायची मला इच्छा नाही.

१६ जून

अर्ज लिहिला. चार वेळा फाडून पाचव्यांदा. 'तत्कालीन उपलब्ध माहितीच्या आधारे व गैरसमजातून अर्जदाराने सदर प्रतिज्ञापत्र केले असावे. तथापि नव्याने प्राप्त झालेल्या माहितीनुसार अर्जदाराचे पती हयात असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' यात कुणी अडकत नाही. बर्फघर चालू राहतं, भानूवर केस होत नाही. इतकी वर्षं अशीच पत्रं लिहिली, एकही कधी परत आलं नाही.

१७ जून

भानू सहीला आली. मनोरमा तिच्याशेजारी बसली, माझ्याकडे न बघता. मी अर्ज वाचून दाखवला. भानूने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, परत वाच. परत वाचला.

"भाऊ," ती म्हणाली, "तो बुडाला ते तू कसा लिवला होता! मंडपात सगल्यांना खरा वाटला. माझी सासू पडली. बर्फघरात मी आयकत होती, मना पन घडीभर वाटला, मेला." तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "तसा लिव ना. जिता हाय ते तसा लिव."

मी सांगितलं की सरकारी अर्ज असाच लिहितात. अर्जात भावना चालत नाहीत. वरचे लोक मुद्दे बघतात.

तिने ऐकून घेतलं. कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचायला लागली, बोटाने एकेक ओळ. 'शक्यता नाकारता येत नाही' इथे बोट बराच वेळ थांबलं.

"यात तो जिता वाटत नाय," ती म्हणाली. आणि दुसरा इलाज नव्हता, म्हणून तिने सही केली.